कायमचे बंद

तेरा दिवस शटर खाली होतं.
चौदाव्या दिवशी मी उघडलं,
कुलपाला अजून गंज धरला नव्हता.
तेवढ्यात कुणीतरी, कुठल्याशा फोनवरून,
आमच्या दुकानापुढे लिहून टाकलं होतं :
कायमचे बंद.

मला काय माहीत.
उदबत्ती लावायची, स्टुलावर बसायचं,
समोर पेठ रोड, यार्डाकडे धावणारे टेम्पो,
एखादा टोमॅटो उडून पायरीशी यायचा.
गिऱ्हाईक नाही.
वाटलं, बाईमाणसाने उघडलेला मिक्सर
लोकांना पटत नसेल.
एकोणीस वर्षं यांच्या शेजारी बसून
कार्बन बदलले, बुश ठोकले, आर्मेचर गुंडाळलं,
पण पावतीवर सही यांची.
माझे फक्त काळे झालेले अंगठे.

तेजल होस्टेलवरून आली, फोन पुढे धरला.
"लोक असं शोधतात, आई.
मिक्सर दुरुस्ती, माझ्या जवळ."
माझ्या म्हणजे कुणाच्या?
"जो शोधेल त्याच्या."

वर इंदिरानगरचं एक दुकान,
मग नाशिकरोडचं, अकरा किलोमीटरवरचं,
आणि पार खाली आम्ही, लाल अक्षरांत.
सोबत यांचा फोटो, कुणा गिऱ्हाइकाने काढलेला.
हातात जार, अर्धा चेहरा,
बाकी अर्ध्यावर काढणाऱ्याचं बोट.

दुकान आपलं आहे हे पटवायला
कोड येतो म्हणे, यांच्याच नंबरवर.
सिम सुपारीच्या डबीत होतं.
कोपऱ्यावरच्या पोराने विचारलं,
"काकू, किती दिवसांचा मारू?"
एका कोडापुरता.
"अठ्ठावीसच्या खाली नाही येत."

मग ते सिम जागं झालं.
आधी आले चुकलेले कॉल,
हिरावाडीच्या बाई चार वेळा,
मखमलाबादचे मसालेवाले,
एक बँक, कर्ज देते म्हणणारी.
मग सहा आकडे.
खाली लिहिलेलं, हा कोड कुणालाही सांगू नका.
यांनी मला सांगितला.

हे ठिकाण पुन्हा सुरू झाले आहे का?
होय. नाही.
तेजल म्हणाली, तूच दाब.
बोटाला ग्रीस होतं, पहिल्यांदा लागलंच नाही.
पदराला पुसून पुन्हा दाबलं.

तीन दिवस काहीच नाही.
चौथ्या दिवशी म्हसरूळचा एक पोरगा आला,
टॉवेलात गुंडाळलेला मिक्सर
तापलेल्या लेकरासारखा छातीशी धरून.
म्हणाला, बारा मिनिटं दाखवत होतं, वीस लागली.
मग इकडेतिकडे पाहत,
"दादा नाहीत का?
इथे लिहिलंय, दादा बोलत नाहीत, पण काम चोख."
मी म्हटलं, मी बोलते. बाकी तेच.

कपलर गेला होता. ऐंशी रुपये.
रात्री त्याने चार तारे दिले :
काम झकास. काकू सुटे पैसे मागतात.
तेजल चिडली, उत्तर लिही म्हणाली.
मी लिहिलं, हो, मागते.

दिवाळीच्या आठवड्यात मान वर करायला वेळ नाही.
भाजण्या, चटण्या, जळालेल्या मोटरींचा वास,
औरंगाबाद नाक्यावरनंसुद्धा एक बाई आल्या,
त्यांनाही आम्ही जवळ दाखवलं म्हणे.
तेजलने फोटो बदलायचं काढलं.
म्हटलं, तो राहू दे.
त्याच्या खाली माझा टाक, अंगठ्यांसकट.

काल यांच्या फोनवर मेसेज आला,
आपला प्लॅन उद्या संपत आहे.
आज दुकान उघडायच्या आधी कोपऱ्यावर गेले.
पोराने विचारलं, किती दिवसांचा?
चौऱ्याऐंशीचा दे, म्हटलं.
गिऱ्हाईक अजून त्याच नंबरवर येतं.